एकेरी खट

सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी वाहन सुरक्षा तपासणी विभागाच्या जीपमधून 'खट' असा आवाज आला. काकांनी गाडी मागे घेतली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला, त्याच क्षणी. आवाज एकदाच आला. मग गाडी अशी मुकाट चालू लागली, जणू ती काही बोललीच नव्हती.

काका म्हणजे विभागाचे चालक. सगळं कार्यालय त्यांना काका म्हणे, पण सख्खी पुतणी एकच, आणि ती नुकतीच त्याच विभागात तपासनीस म्हणून लागली होती. दर गुरुवारी साहेब, ती आणि आणखी दोन तपासनीस यांना घेऊन काका घाटापलीकडे जात. तिथल्या गाड्या रस्त्यावर आणण्याजोग्या आहेत की नाहीत हे ही मंडळी ठरवत, प्रमाणपत्रं वाटत आणि संध्याकाळी परत येत.

म्हणून काकांनी त्या खटकडे कानाडोळा केला नाही. दुपारी त्यांनी चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, पाठीखाली पोतं घेतलं आणि ते गाडीखाली शिरले. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांबलचक शाफ्ट त्यांनी दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळला. चाक जागचं हललं नाही, शाफ्ट मात्र हलला आणि म्हणाला, खट. मागच्या टोकाला, जिथे क्रॉस हा फुलीच्या आकाराचा जोड बसवलेला असतो, त्या सांध्याभोवती तांबूस भुकटी जमली होती.

फाटकासमोर गॅरेज असलेला मिस्त्री काकांचा शाळूसोबती. तोही येऊन पिळून गेला.

"क्रॉस गेलाय," तो म्हणाला. "तासाभराचं काम आहे, पण अंगावर काढू नकोस. घाटात शाफ्ट सुटला तर खाली गरागरा फिरून ब्रेकची नळी तोडेल. मग कुठल्या वळणावर थांबायचं ते तू नाही ठरवायचं."

सरकारी गाडीला परवानगीवाचून पाना लावला तर नोकरी जाते, हा नियम काकांना तोंडपाठ होता. मंगळवारी ते रीतसर अर्ज घेऊन आवक-जावकच्या बाईंकडे गेले.

"आवाजाचा प्रकार हा रकाना रिकामा सोडलाय तुम्ही," बाई म्हणाल्या. "यादीतला एक निवडा. खडखड, घरघर, धडधड, किरकिर, खटखट."

"माझा आवाज एकेरी आहे, बाई. खट. एवढंच."

"एकेरी आवाज यादीत नाहीत. एकदाच होतो तो आवाज नसतो काका, तो भास असतो. आवाज म्हणजे कमीत कमी दोनदा."

"काल एकदा झाला, आज एकदा झाला. दोन धरा."

"प्रत्येक दिवसाचा अर्ज वेगळा असतो."

काकांनी नाइलाजाने 'खटखट'वर खूण केली. आता विभागाच्या पुस्तिकेत खटखट म्हणजे दार. बुधवारी दारांचा कारागीर आला आणि त्याने चारही दारं अशी काही आवळली, की साहेबांना स्वतःच्या बाजूने उतरता येईना. ते काकांच्या सीटवरून, स्टिअरिंगला पोट घासत बाहेर आले. तक्रार निकाली निघाली.

गुरुवारी काकांनी अख्खा घाट खालच्या गिअरमध्ये आणि अर्ध्या श्वासात पार केला. मागे पुतणी खिडकीतून दरी बघत होती. तिला दरी आवडायची. काका तिला आरशात बघत होते.

शुक्रवारी त्यांनी कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात 'खट' लिहून तो कागद साहेबांपुढे ठेवला.

"काका, आपल्या जीपच्या काचेवर प्रमाणपत्र आहे ना? काय लिहिलंय त्यात?"

"सर्व सांधे सुस्थितीत."

"खाली सही कुणाची?"

"आपलीच, साहेब."

"मग आता तुम्हीच सांगा. आवाज खोटा की सही खोटी?"

साहेब मनाने वाईट नव्हते. सहीला धक्का न लावता आवाजाचा विचार करण्यासाठी त्यांनी तीन जणांची समिती नेमली. प्रश्न यादीबाहेरच्या शब्दाचा असल्यामुळे तिच्यात एक भाषातज्ज्ञ घेतले. यंत्रातलं कळणारं कोणी घेतलं नाही, कारण प्रश्न यंत्राचा आहे हे अजून सिद्ध व्हायचं होतं. समितीचा अहवाल येईपर्यंत अंतरिम आदेश निघाला: 'सदर आवाज गाडी मागे घेतल्यानंतर उद्भवत असल्याने गाडी मागे घेण्यात येऊ नये.' तेव्हापासून काका गाडी फाटकात सरळ लावता यावी म्हणून चार रस्ते आणि एक बाजार फिरून येऊ लागले.

भाषातज्ज्ञ तीनदा जीपमध्ये बसले, आणि समितीपुरती मागे घेण्याची खास परवानगी काढण्यात आली. "हा खट नव्हेच," ते डोळे मिटून म्हणाले. "खट्ट आहे. शेवटी जोर आहे." दुसऱ्या सदस्यांना 'टक' ऐकू आला. तिसरे म्हणाले की दोघांचं जे ठरेल तेच आपल्यालाही ऐकू आलं आहे. दोन महिन्यांनी एकमत झालं आणि विभागाच्या मालमत्ता नोंदवहीत जीप, जॅक, जादा चाक यांच्या खाली नोंद पडली: 'खट्ट, नग एक.'

या दोन महिन्यांत आठ गुरुवार गेले. तांबूस भुकटी वाढली. शेवटी काकांच्या बायकोनेच विषय काढला.

"त्या गाडीत आपल्या घरची पोरगीही बसते. घाटात तुमचा नियम काय हात देणार आहे?"

काकांच्या मनाने घेतलं. रविवारी सकाळी त्यांनी जीप हळूच फाटकासमोरच्या गॅरेजात लावली. मिस्त्रीने तासाभरात क्रॉस बदलला आणि ग्रीस भरलं. काकांनी गाडी मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली. काहीच वाजलं नाही. त्या रात्री त्यांना कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

सोमवारी समिती अंतिम पडताळणीला आली. गाडी मागे झाली, पुढे झाली. सगळे कान टवकारून बसले होते. दुपारी काकांच्या हातात नोटीस पडली: 'नोंदवहीत दाखल असलेला एक नग खट्ट आपल्या ताब्यातून गहाळ झाल्याचे आढळून आले आहे. तो तीन दिवसांत हजर करावा, अन्यथा कारवाई करण्यात येईल.'

काकांनी सीटखाली एक पाना ठेवला. क्लच सोडताना ते तो हळूच पत्र्यावर आपटू लागले. भाषातज्ज्ञांना भरून आलं. "मी म्हणत नव्हतो? शेवटी जोर आहे!" पाना वाजतो हे सगळ्यांना कळत होतं, पण नोंद जुळत होती, त्यामुळे खाली वाकून बघण्याची गरज कुणालाच वाटली नाही.

आणि मग दुरुस्तीची मंजुरी आली. विभागाच्या कार्यशाळेने मिस्त्रीने बसवलेला क्रॉस काढला आणि भांडारात अकरा वर्षं पडून असलेला, ग्रीस वाळून दगड झालेला क्रॉस बसवला.

"अहो, आतला नवाच आहे!" काका कळवळून म्हणाले.

"कागदावर तो जुना आहे," कार्यशाळेचा कारागीर म्हणाला. "नवा असेल तर तो कुणी बसवला ते लिहून द्या."

काकांनी काही लिहून दिलं नाही.

गुरुवारी सकाळी सगळे जीपमध्ये बसले. मागे घेण्यावरची बंदी उठली होती. काकांनी गाडी मागे घेतली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. खट.

"काका, पुरे आता," साहेब हसून म्हणाले. "दुरुस्ती झाली. तो पाना ठेवा बाजूला."

"पाना घरी आहे, साहेब."

"साहेब, काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत," मागून पुतणी म्हणाली.

"मग पायाने वाजवत असतील. जुना माणूस आहे!"

पुतणी सोडून गाडीतले सगळे हसले. काकांनी इंजिन बंद केलं, किल्ली साहेबांच्या हातात दिली आणि ते उतरले. मागचं दार आवळलेलं असूनही पुतणीने ते लाथ मारून उघडलं आणि तीही उतरली. काका त्याच दिवशी निलंबित झाले. कारण दिलं होतं, 'अस्तित्वात नसलेला आवाज ऐकणे.' पुतणीची चौकशी दाराबद्दल सुरू झाली.

जीप दुसऱ्या चालकाने नेली आणि संध्याकाळी सुखरूप परत आणली. काका चुकीचे होते हे यावरून सिद्ध झालं. त्या दिवशी घाटापलीकडच्या शाळांच्या बेचाळीस बसगाड्यांना प्रमाणपत्रं मिळाली. पुढच्या गुरुवारी अलीकडच्या शाळांची पाळी आहे.

तुमच्या मुलांच्या बसच्या काचेवरही ते प्रमाणपत्र असेलच. 'सर्व सांधे सुस्थितीत', खाली सही. बस थांब्यावरून निघते, तुम्ही हात हलवता, तेव्हा खालून काहीतरी वाजल्यासारखं होतं, नाही? पण एकदाच ना?

मग तो भास.