गादी पुढे सरली त्याची हकीकत

श्री कुलस्वामिनीचे चरणी मस्तक ठेवून, वडीलधाऱ्यांस दंडवत घालून, जैसे घडले तैसे लिहिले असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक मासी वर्तमान ऐसे की, एके राज्यी रायाजीराव महाराज कैलासवासी होऊन वर्ष लोटले आणि मागे त्यांचा पांढरा मोटाररथ राहिला. रथ मोठा मातबर. सारथ्याची गादी विजेवर चाले; कळ दाबावी आणि गादीने आपोआप पुढे यावे, मागे जावे. परंतु महाराज ताडमाड उंच, त्यांनी गादी पार मागे नेली आणि ती तेथेच अडली. कळ दाबिता आत मोटर घुरघुरे, गादी तसूभर हालेना.

राणी गुणवंताबाईसाहेब अंगाने ठेंगण्या. महाराज गेले आणि मग त्या हट्टाने रथ हाकावयास शिकल्या, परवानाही मिळविला; परंतु आपल्याच रथात बसल्या तो पाय ब्रेकास पोचेना. पाठीशी लोड लाविला, तो ऐन वेळी लोडच दबला आणि रथ देवडीच्या खांबास भिडला. सबब सारथ्य दीर निंबाजीराव दिवाण यांजकडे गेले. ते नेतील तेथे बाईंनी जावे आणि ते म्हणतील तेव्हा परतावे. माहेराचे नाव काढिले की दिवाणांस हटकून कामे निघत. राज्य आपले आणि पाय दुसऱ्याचा, हे शल्य बाईंस अन्न गोड लागू देईना.

मग करीमखां कारागीर यांस पाचारण केले. त्यांनी कान लावून ऐकिले आणि म्हणाले, "आईसाहेब, मोटर जिती आहे. आतल्या चक्राचं दात झिजल्यात. गादी काढून उलटी करावी लागंल."

ऐकताच दिवाण कडाडले, "वहिनीसाहेब, थोरल्यांची गादी उलथणार? हा तर राजद्रोह! गादी भुईला लागली की राज्य बुडालेच म्हणून समजा!" भोवती जमलेले मानकरी मागे सरले आणि कारागिरांनी हातचा पाना खाली ठेविला. त्या गादीवरील धूळदेखील बाईंनी वर्षभर पदराने पुसली होती. क्षणभर वाटले, राहू द्यावे. मग त्यांनी अंगावरची शाल सोडिली, अंगणात अंथरिली आणि म्हणाल्या, "भावजी, भुईला कुठं लागते? शालीवर जरा आडवी होते आहे. एवढी वर्षे बसून तिचीही कंबर धरली असेल." आणि स्वतः एके बाजूने हात घातला.

गादी उलटली, तो काय नवल वर्णावे! लोखंडाचे रूळ, आट्यांचे लांब दांडे, आणि मधोमध सुपारीएवढे एक चक्र, दात झिजून गुळगुळीत. एवढ्या धिप्पाड पुरुषाचा भार या चिमुकल्याने वाहिला! बाईंनी ते तळहाती घेतले, कपाळी लाविले आणि सर्वांदेखत रडल्या. कारागिरांनी पितळेचे चक्र कातून बसविले आणि रूळ धुऊन वंगण दिले आणि बैलजोडी जुंपावी तैसे दोन्ही रूळ सम केले, कारण एक पुढे एक मागे झाला तर गादी पुन्हा अडे. मग गादी स्वस्थानी गेली.

बाई बसल्या, कळ दाबिली. आणि गादी निघाली! सावकाश, न डळमळता पुढे येत चालली, आणि मानकऱ्यांनी नकळत हात जोडिले. मागे राहिली मोकळी जागा, तिजकडे बाईंनी एकवार वळून पाहिले. मग पाय ब्रेकास टेकला. टेकला मात्र, बाई लहान पोरीसारख्या हसल्या.

दिवाण सवयीने सारथ्याच्या दाराशी आले, तो आत वहिनीसाहेब. "कुठं जायचं?" दिवाणांनी विचारिले.

"माहेरी. भावजी, मागे बसा. पाय पसरायला आता पुष्कळ जागा झाली आहे."

येणेप्रमाणे त्या राज्यी गादी उलथली, राज्य बुडाले नाही, आणि दिवाण मागे बसले. बहुत काय लिहिणे.