मान न वाकवणारा चष्मा

पिंपळगाव राजाच्या पेठेत उकंडरावांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं, पण उकंडरावांनी कोणाला आधी रामराम घातल्याचं गावात कोणी पाहिलं नव्हतं. समोरच्यानं घालावा, मग हे हनुवटी जराशी हलवत. फार हलवली तर तो माणूस घरी जाऊन बायकोला सांगे.

याच मानेपायी घरात दुःख शिरलं होतं. लेक गीता वडनेर भोलजीला दिली होती. तिचे सासरे नारायणराव त्याच मातीचे. लग्नात व्याहीभेटीला दोघं समोरासमोर आले आणि आधी कोण वाकतो याची वाट पाहत ताठ उभे राहिले. भेट झालीच नाही. आता गीताला सातवा महिना लागला होता, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं, आणि नारायणरावांचा निरोप आला होता, ‘व्याह्यांनी चारचौघांत वाकून रामराम घालावा, सून धाडतो.’

“घाला ना एक डाव,” मंजुळाबाई म्हणाल्या. “पोरगी तिथं झुरून राह्यली.”

“आमच्या घराण्यात मान वाकत नाही,” उकंडराव म्हणाले. मंजुळाबाईंनी डिंकाचे लाडू करून डबा भरून ठेवला होता. त्या तो रोज उघडून पाहत आणि डोळे पुसत.

त्यात उकंडरावांचे डोळे दगा देऊ लागले. वरच्या फळीवरच्या बरण्यांवरची नावं पुसट झाली. गावातल्या कडूबाला खोकल्यासाठी ज्येष्ठमध द्यायचं, तर त्यांनी जुलाबाची सोनामुखी दिली. कडूबा दुसऱ्या दिवशी शेतातून घरी आलाच नाही. मग मंजुळाबाईंनी नवऱ्याला एसटीत बसवून खामगावला पाठवलं.

खामगावचे चष्मेवाले रहेमतुल्ला मोठे हौशी. सोनाराला काचेत जवळचं पाहायचा भाग मोठा, ड्रायव्हरला एवढासा, असा माणूस पाहून चष्मा बनवत.

“दुहेरी काच लागंल जी,” ते म्हणाले. “वरतून दूरचं, खालतून जवळचं.”

“म्हंजे जवळचं पाह्याले म्या नजर खाली घालू?”

“सारी दुनिया घालते.”

“दुनियेले घालू द्या. माह्या बरण्या वरच्या फळीवर हायेत. जवळचं वरतं बसवा.”

रहेमतुल्लांचे डोळे चमकले. “कमाल हाये! असा चष्मा म्या जिंदगीत बनवला नाही!” बनवायला मिळतोय या आनंदात त्यांनी पुढचा विचार केला नाही. उकंडरावांनी तर तो कधीच केला नव्हता.

चष्मा आला. वरच्या बरण्या लख्ख दिसू लागल्या. उकंडराव खूश झाले आणि तेवढ्यात कडूबा भांडायला आला. त्यानं उरलेली सोनामुखी तळहातावर धरली.

“हे काय देलं होतं मले?”

उकंडरावांनी खाली पाहिलं. सगळं धुरकट. जवळचं दिसणार ते वरच्या काचेतून, म्हणून त्यांनी मान वाकवली. तरी दिसेना. मग हनुवटी छातीला टेकेपर्यंत वाकवली. मालक माफी मागायला वाकले, असंच कडूबाला वाटलं.

“मालक, असं नोका करू!” तो ओरडला. “पोट माह्यंच नाजूक हाये!” आणि सोनामुखी तिथंच टाकून पळाला.

गावात बोंब झाली. रात्री जेवताना उकंडरावांनी ताटातली भाजी पाहायला मान वाकवली, ती नेमकी वाढणाऱ्या मंजुळाबाईंसमोर. त्यांच्या हातातली पळी पडली.

“काहो, बरं वाटून राह्यलं ना?” त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. “मानूस जायच्या आधी असा नरम पडते म्हनतात.”

“भाजी पाहून राह्यलो!” उकंडराव खेकसले. पण आपण काय करून बसलो हे आता त्यांना कळलं.

खामगावला जाऊन काच बदलायचीच, असं त्यांनी ठरवलं. पण त्याआधी गावात निवृत्तीच्या मुलीचं लग्न आलं. उकंडराव मांडवात खांबाला टेकून उभे राहिले. जवळचं काही बघायचंच नाही, म्हणजे झालं. एवढ्यात कोणीतरी फेटेवाला अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला. कोण आहे हे कळल्याशिवाय हनुवटी किती हलवायची ते ठरणार कसं? उकंडरावांनी मान वाकवली. अजून थोडी वाकवली. काचेत नारायणरावांच्या मिशा स्पष्ट दिसल्या.

वाजंत्री थांबली. निवृत्तीच्या हातातल्या अक्षता सांडल्या. नारायणराव तर पांढरेफटक पडले.

“व्याहीबुवा, तुमी वाकले? चारचौघांत?” आणि त्यांनीही कंबरेत वाकून रामराम घातला, मिठी मारली. “उद्याच धाडतो गीताले!”

“म्या तं फक्त...” उकंडरावांनी तोंड उघडलं. मागे मंजुळाबाई पदरात तोंड घालून रडत होत्या. त्यांच्याकडे पाहून उकंडरावांनी तोंड मिटलं.

गीता आली, लाडू संपले, मुलगी झाली. बारशाला नारायणराव पाळण्याशी बसले.

“नातीचं तोंडच दिसत नाही नीट,” ते म्हणाले. “पाहू तुमचा चष्मा.”

उकंडराव नको नको म्हणेपर्यंत चष्मा त्यांच्या नाकावर गेला. त्यांनी पाळण्यात पाहिलं. मान वाकवली. अजून वाकवली. मग हळूच वर केली आणि व्याह्याकडे पाहिलं.

“म्हंजे त्या दिशी मांडवात...”

मंजुळाबाईंच्या हातातली पाळण्याची दोरी थांबली. आता हा माणूस सुनेला आणि नातीला घेऊन तडक निघतो, असंच सगळ्यांना वाटलं.

नारायणरावांनी पुन्हा मान वाकवली. झोपलेल्या नातीकडे कितीतरी वेळ पाहत राहिले.

“झाकली मूठ राहू द्या,” ते हळूच म्हणाले. “त्या रहेमतुल्लाचं दुकान कोनीकडे हाये?”

गीताला न्यायला नारायणराव आले तेव्हा त्यांच्या नाकावर तसाच चष्मा होता. दारात दोघं व्याही समोरासमोर आले आणि कोण आहे ते पाहायला एकदमच वाकले. टकरीचा आवाज चुलीपर्यंत गेला. मंजुळाबाई धावत बाहेर आल्या, तर दोघंही कपाळ धरून उभे.

“आधी कोन वाकलं बाप्पा?”

“मी!” उकंडराव म्हणाले.

“खोटं! आधी मी!” नारायणराव ओरडले.

मंजुळाबाईंनी दोन्ही टेंगळांवर हळद लावली, तरी तो तंटा काही मिटला नाही.