उद्घाटनाआधी बसू नये

मिस्त्रीच्या बायकोचे गुडघे गेले होते आणि बसथांब्यावर टेकायला काही नव्हतं. दर मंगळवारी तिला दवाखान्यात जावं लागे आणि बस आपल्या मर्जीने येई. थांब्यावर बाक ठेवावा म्हणून मिस्त्रीने पालिकेत चार अर्ज दिले. पहिल्याला उत्तर आलं, की हा विषय दुसऱ्या खात्याचा आहे. दुसऱ्या खात्याने कळवलं, की असा थांबाच आमच्या यादीत नाही. उरलेल्या दोन अर्जांना उत्तर देण्याची कुणाला गरज वाटली नाही.

मग मिस्त्रीने घरातलं जुनं दार उतरवून रंध्याखाली घेतलं. बायकोला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून गुडघ्याखालचं माप घेतलं आणि बाक त्याहून दोन बोटं उंच धरला, म्हणजे उठताना तिला कण्हावं लागू नये. सोमवारी दुपारी हातगाडीवर घालून त्याने तो थांब्यावर नेऊन ठेवला.

मंगळवारी सकाळी दोघं जाऊन बघतात, तर बाकाला फीत बांधलेली. पाठीच्या फळीवर नगरसेवकाचं नाव, खाली 'यांच्या अथक प्रयत्नांतून'. शेजारी नगरसेवकाचा कार्यकर्ता काळा चष्मा लावून राखणीला उभा. बायको बसायला वाकली तसा तो आडवा आला.

"काकू, थांबा जरा. उद्घाटन व्हायचंय."

"अरे, हे माझ्या घरचं दार आहे," मिस्त्री म्हणाला.

"असेल. आता ते विकासकाम झालंय."

"मग उद्घाटन कधी?"

"साहेब परगावी आहेत. आले की तारीख देतील. तोवर कुणी बसलं तर साहेबांचा अपमान."

मिस्त्रीने थांब्यावरच्या दहा-बारा माणसांकडे पाहिलं. एकाने मान वळवून बस येतेय का ते बघितलं. दुसरा म्हणाला, "एवढी वर्षं उभेच होतो की." तिसऱ्याने फितीसकट बाकाचा फोटो काढला. आपली माणसं अशीच. पाय मोडेपर्यंत उभी राहतील, पण फितीला हात लावणार नाहीत.

"चला, उभं राहू," बायको म्हणाली. "घरचं दार होतं तेव्हा लोक निदान विचारून आत यायचे."

ही बातमी माजी नगरसेवकाच्या कानावर गेली. त्याच्या काळात त्या थांब्याला बाक नव्हता, छप्परही नव्हतं. पण बाकाची कल्पना म्हणे मुळात त्याची. त्याचा पिवळ्या टोपीतला कार्यकर्ता डबा आणि ब्रश घेऊन आला आणि नावावर नाव रंगवून गेला. चष्मेवाल्याने त्यावर पुन्हा आपल्या साहेबांचं नाव चढवलं. पाठीवर जागा उरली नाही, तेव्हा टोपीवाल्याने बसायच्या फळीवर लिहिलं. आता बाकावर बसणं म्हणजे थेट नेत्याच्या नावावर बसणं. म्हणून बाकाभोवती दोरी आली.

तिसऱ्या मंगळवारी दोघे कार्यकर्ते दोरीची दोन टोकं ओढत भांडले. एकाचा चष्मा फुटला, दुसऱ्याची टोपी गटारात गेली. पोलीस आले, त्यांनी दोघांना समज देऊन सोडलं आणि बाक उचलून नेला.

"बाकाने काय गुन्हा केला?" मिस्त्रीने हवालदाराला विचारलं.

"भांडणाचं कारण तोच ना. उद्या जबाबाला चौकीत या. काकूंनाही आणा. त्यांच्यासाठीच बनवलाय म्हणता ना?"

चौकी पुढच्याच थांब्यासमोर होती, पण तिला नऊ पायऱ्या. वर पोचेपर्यंत बायकोचे पाय लटपटायला लागले. दारातच भिंतीला लागून बाक होता, त्याला 'जप्त माल' अशी चिठ्ठी. आणि त्यावर चष्मेवाला आणि टोपीवाला खांद्याला खांदा लावून बसले होते. एकच वर्तमानपत्र दोघांत वाटून घेतलेलं, हातात चहा. चौकीत बसायला दुसरं काही नव्हतं.

"या काकू," चष्मेवाला जागचा न हलता म्हणाला. "वेळ लागेल. फौजदारसाहेब बाहेर गेलेत."

"तुमचं तर भांडण होतं ना?" मिस्त्रीने विचारलं.

"ते थांब्यावर," टोपीवाला म्हणाला. "इथे कोण बघतंय?"

मिस्त्री त्यांच्याकडे सरसावला. बायकोने त्याचा दंड दाबला.

"बसा रे, बसा," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, उद्घाटन झालं का?"

दोघेही चटका बसल्यासारखे उठले.

"हा आधी बसला," टोपीवाला म्हणाला.

"खोटं बोलतोय. मी आलो तेव्हा हा पसरलेला होता. आमच्या साहेबांच्या नावाला पाठ टेकून."

"आणि तू आमच्या साहेबांच्या नावावर काय ठेवलं होतंस, ते सांगू?"

हवालदाराने दोघांच्या गचांड्या धरून त्यांना आतल्या खोलीत नेलं. तो परत आला तेव्हा बायको बाकावर मागे रेलून बसली होती.

"काकू, तो पुरावा आहे."

"असू दे. पुरावा चांगला रुंद आहे."

हवालदाराने चिठ्ठी पुन्हा वाचली. बसू नये, असं तिच्यात कुठेच नव्हतं.

"हा खटला किती दिवस चालेल हो?" तिने विचारलं.

"दहा-बारा वर्षं कुठे गेली नाहीत."

बायकोने दारातून बाहेर पाहिलं. समोर दवाखान्याकडे जाणारी बस येऊन थांबत होती.

"मग दर मंगळवारी येत जाईन मी," ती म्हणाली. "जबाबाला."