बदामी गाडीचा वेग

पाकीट सरकारी होतं, म्हणून घड्याळजींच्या बायकोने ते आधी उजेडात धरून पाहिलं, मग सुरीने उघडलं, आणि मग ती शेजारच्या खुर्चीवर मटकन बसली. खुर्चीवर इस्त्री केलेले कपडे होते. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण इस्त्रीच्या कपड्यांवर ती आजवर कधी बसली नव्हती.

"अहो, जरा इकडे या."

घड्याळजी डोळ्याला लावलेलं घड्याळदुरुस्तीचं भिंग न काढताच आले.

"ही आपली गाडी?"

कागदावर फोटो होता. बदामी गाडीची पाठ, ठसठशीत नंबर आणि मागच्या काचेतून दिसणारी चौकड्यांची टोपी. खाली छापलं होतं: पुलाजवळचा कॅमेरा, सकाळी दहा वाजून सतरा मिनिटं, मर्यादा पन्नास, वेग चौऱ्याऐंशी.

"आपलीच."

"आणि ही टोपी?"

"माझीच."

"चौऱ्याऐंशी?" बायकोने आकडा दबक्या आवाजात उच्चारला, देवघरात बोलतात तसा. "तुम्ही?"

ती एवढी का हबकली, हे कळायला गाडीची कुंडली माहीत हवी. गाडीचं वय अठ्ठावीस. भर तारुण्यात तिने एकदा साठ गाठले होते, तेही उतारावर. गेले चौदा महिने ती फाटकापाशी उभी होती. बायको तिच्या मागच्या सीटवर थंडीच्या रजया ठेवायची आणि तिला ‘कपाट’ म्हणायची. मागच्या आठवड्यात बहिणीकडे जाताना तिने बजावलं होतं, "महिनाअखेरीपर्यंत कपाट चालायला लागलं तर ठीक. नाहीतर भंगारवाल्याला बोलावलंय. शब्द दिलाय मी त्याला."

ती गेल्यावर घड्याळजींनी गॅरेजच्या मिस्त्रीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने बंद गाड्या पाठीवर घालून नेणारा ट्रक धाडला. साखळ्या लावून बदामी गाडी वर चढवली. ट्रकवाला म्हणाला, "काका, या पुढे, माझ्याशेजारी बसा."

"नको. मी हिच्यातच बसतो."

"अहो, ती बंद आहे!"

"म्हणूनच," घड्याळजी म्हणाले. आजारी माणसाला एकटं पाठवायचं का? ते वर चढले, आपल्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

आता त्या पुलाजवळच्या कॅमेऱ्याविषयी. तो करड्या खांबावर बसवल्यापासून गावाला एक नवीनच शिस्त लागली होती. खांब शंभर पावलांवर आला की लोक ब्रेक दाबत, फोन मांडीखाली सारत, पाठ ताठ करत आणि पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा चेहरा करत. खांब मागे पडला की शाळा सुटल्यासारखे उधळत. फक्त हा ट्रकवाला खांबाला जुमानत नसे. कॅमेरा मागची नंबरप्लेट टिपतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची प्लेट गाडी चढवायच्या दुमडलेल्या फळीमागे झाकलेली असे. पण फळीच्या वर आज आणखी एक प्लेट आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

घड्याळजींनी मात्र त्या दिवशी जे पाहिलं, ते जन्मात पाहिलं नव्हतं. समोर वेगाचा काटा शून्यावर आणि बाजूला झाडं सपासप मागे! काचेच्या फटीतून वारा शीळ घालत होता. मागे रजया थरथरत होत्या. बदामी गाडी कुरकुरली नाही, धुरावली नाही, तापली नाही. त्यांचा ऊर भरून आला. पुलापाशी डावं वळण आलं, तेव्हा त्यांनी सवयीने इंडिकेटरसुद्धा दिला; बॅटरीत तेवढी धुगधुगी उरली होती.

बायको परतल्यावर त्यांनी सांगितलं होतं, "गाडी गॅरेजला नेली." हे खरंच होतं. घड्याळजी खोटं बोलत नसत. विचारलं तेवढंच सांगत.

आता बायको विचारत होती, "भीती नाही वाटली?"

"सुरुवातीला वाटली."

"आणि कपा... आणि गाडी? काही आवाज?"

"आवाज कसला! हूं की चूं नाही."

बायको उठली. चुरगळलेल्या कपड्यांकडे तिने पाहिलंही नाही. भंगारवाल्याला तिने तिथल्या तिथे फोन लावला. "येऊ नका. गाडी द्यायची नाही आम्हाला. अहो, चौऱ्याऐंशीने पळते ती!"

घड्याळजींनी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. गाडी वाचली होती. आणखी काय हवं?

पण बायकोच्या पोटात ही बातमी राहीना. संध्याकाळपर्यंत ती बहिणीला, मुलीला, जावयाला आणि जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला कळली. शेजारचे दातांचे डॉक्टर फोटो बघायलाच आले. त्यांची गाडी नवी कोरी, पण सत्तरच्या पुढे गेली की त्यांच्याच दाताखाली ओठ यायचा. त्यांनी नोटीस दोन्ही हातांनी धरली.

"पुलावर? वळणावर?"

"वळणावर," घड्याळजी म्हणाले.

"आणि गाडी हलली नाही?"

"जागची तसूभरही नाही."

डॉक्टरांनी नोटिशीची अलगद घडी घालून ती परत दिली. निघताना त्यांनी चप्पल घालण्यापूर्वी घड्याळजींना नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी गॅरेजमधून मिस्त्रीचा फोन आला. आवाज रडवेला होता. "काका, काय सांगितलंत तुम्ही लोकांना? सकाळपासून सात जुन्या गाड्या आल्यात दारात. ‘बदामीचं केलंत तसं करा’ म्हणतात. मी अजून बॉनेट उघडलेलं नाही हो तुमचं!"

"मग सांग त्यांना तसं."

"सांगितलं! तर म्हणतात, बॉनेट न उघडता एवढं केलं? आता ते हलायलाच तयार नाहीत."

त्याच दिवशी बायकोने नोटिशीचं मागचं पान वाचलं. वेग मर्यादेपेक्षा तीस किंवा अधिक असल्यास मालकाने स्वतः कार्यालयात हजर राहावे. परवाना तीन महिने जप्त होऊ शकतो.

"मी येणार तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "साहेबांना सांगते, छत्तीस वर्षांतली पहिली चूक आहे. त्याआधीचं मला माहीत नाही."

"अगं, तू कशाला दगदग करतेस?"

"दगदग कसली? एवढा पराक्रम केलात, एकट्याने का सोसायचा?"

घड्याळजींची झोप उडाली. खरं सांगावं, तर भंगारवाला हजर. न सांगावं, तर परवाना जाणार. आणि परवाना नसलेल्या माणसाची गाडी म्हणजे पुन्हा कपाटच.

कार्यालयात न्यायला दातांचे डॉक्टर आपणहून तयार झाले. "मला नाही म्हणू नका. तुम्ही शेजारी बसणार, हेच पुष्कळ." वाटेत पुलाचा खांब आला, तसा त्यांनी ब्रेक दाबला, कॉलर नीट केली आणि चोरून घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजींनी खाली मान घातली होती. ‘एवढं करून किती हा विनय!’ डॉक्टर मनात म्हणाले. ते गाडी लावायला जागा शोधत राहिले आणि नवराबायको आत गेले.

खिडकीमागे चष्मेवाल्या मॅडम होत्या. त्यांनी मूळ फोटो पडद्यावर उघडला. "गुन्हा कबूल आहे?"

"आहे," घड्याळजी घाईघाईने म्हणाले. "दंड घ्या, परवानाही घ्या. फोटो नको."

"दाखवावा लागतो. नियम आहे." मॅडमनी तो मोठा केला. मग थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काका, तुमची चाकं रस्त्याला लागलेली नाहीत."

बायको पुढे सरकली. "म्हणजे? उडत होती?"

त्या एका क्षणी तिच्या चेहऱ्यावर जो भाव होता, तसा तो लग्नाच्या दिवशीही नव्हता. मग मॅडमनी फोटो खाली सरकवला. पडद्यावर साखळ्या आल्या, फळी आली, ट्रकची चाकं आली.

घड्याळजींनी टोपी काढून हातात धरली.

"अहो काका, ही चूक यंत्राची आहे," मॅडम म्हणाल्या. "रद्द करते मी. आता तो ट्रकवाला शोधावा लागेल."

"थांबा!" बायको म्हणाली. "रद्द कशाला? घ्या की दंड."

"असं कसं घेऊ?"

"का नाही? टोपी यांची, गाडी आमची. वीसेक घरी सांगून झालंय माझं!"

"बाई, अकरा वर्षं या खिडकीत बसतेय," मॅडम हळूच म्हणाल्या. "इथे लोक सुटायला येतात. दंडासाठी भांडणारं माणूस मी पहिल्यांदा बघतेय. पण नाही घेता येणार."

बायको खिडकीवर वाकली. पडद्याकडे पाहत राहिली. ट्रकच्या पाठीवर, साखळदंडात जखडलेल्या बंद गाडीत, पट्टा लावून, ताठ बसलेला आपला नवरा. डावा दिवा पिवळाधमक पेटलेला.

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "यातला वरचा भाग मोठा करून छापून मिळेल? फळीच्या वरचा. तेवढाच."

बाहेर डॉक्टर धावत आले. "काय झालं?"

घड्याळजी टोपी चाचपू लागले. पण उत्तर बायकोने दिलं. "दंड रद्द केला त्यांनी. परवान्यालाही हात लावला नाही."

"काय सांगता!"

"त्या म्हणाल्या, अकरा वर्षांत असं माणूस पाहिलं नाही."

डॉक्टरांनी घड्याळजींसाठी स्वतः दार उघडलं. पण घड्याळजी मागे, बायकोशेजारी बसले. गाडी पुलापर्यंत येईतो ती खिडकीबाहेर बघत होती. खांब आला. डॉक्टरांनी ब्रेक दाबला, पाठ ताठ केली.

"काय हो," ती नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली, "इंडिकेटर कशाला दिला होतात?"

"वळण होतं ना."

तिने मांडीवरचा फोटो उलटा केला, पदराने झाकला, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या गॅरेजला जाऊ. मिस्त्रीला बॉनेट उघडायला सांगा. मी तेवढ्या रजया घरी आणते. गाडीत कुणी रजया ठेवतं का?"