दोन डाव्या बाह्या

मास्तरांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या, तेव्हा घरातल्यांना कळलं की आता पाणी डोक्यावरून चाललंय. छत्तीस वर्षं शर्ट शिवणारा माणूस! झोपेतून उठवून हातात कात्री दिली असती तरी कॉलर बरोबर उतरली असती. आणि हे दोन डाव्या बाह्या समोर ठेवून बसलेले.

"दुकान बंद करतो. पहिल्या तारखेपासून," मास्तर म्हणाले. "तो म्हणतो तेच खरं."

'तो' म्हणजे स्पष्टवक्ता. नाव तेवढं स्पष्टवक्ता. चेहऱ्याच्या जागी बंद दाराचं चित्र. लेकीच्या हट्टापायी मास्तरांनी 'बाही कशी जोडावी' असा व्हिडिओ टाकला होता. अकरा जणांना तो आवडला होता आणि मास्तर दोन दिवस शीळ घालत मशीन चालवत होते. मग हा बाबा उगवला. "हात बघा कसे थरथरतायत. म्हाताऱ्या, कात्री ठेव आणि घरी बस," एवढं लिहून गेला.

झोंबलं कारण हात खरंच जरासा थरथरायचा. मास्तरांना वाटत होतं, हे आपल्यालाच ठाऊक आहे. तेव्हापासून कापडावर खडू टेकवला की त्यांची नजर रेघेवर जाण्याऐवजी बोटांवर जायची, आणि बोटं मग मुद्दाम केल्यासारखी जास्तच थरथरायची. जेवण दोन घासांवर आलं होतं.

"अहो, कोण कुठला तो! मनावर काय घेताय?" बायको म्हणाली. आणि आतल्या खोलीत जाऊन तिने गुपचूप 'रणरागिणी' नावाचं खातं उघडलं. "स्पष्टवक्त्या, तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून दारामागे लपलास काय रे?" असं लिहून ती समाधानाने भांडी घासायला गेली.

आता मास्तरांची थोरली बहीण अक्का. वय बहात्तर, भावाच्या वाटेला कुणी गेलं की अंगात दहा माणसांचं बळ. तिने शेजारणीकडून 'गुलाब' या नावाने खातं उघडून घेतलं. लिहिलं झणझणीत: "मेल्या, लोकांच्या पोटावर पाय देतोस? थोबाड रंगवीन!" फक्त बोट चुकलं. स्पष्टवक्त्याला दिलेलं उत्तर नेमकं जाऊन बसलं रणरागिणीच्या खाली.

रणरागिणीने हात पुसून फोन उघडला आणि तिचं टाळकंच सटकलं. ही कोण बया, त्या नालायकाची बाजू घेणारी? "ए गुलाबे, आधी चष्मा लाव आणि मग तोंड उघड!" तिने ठोकून दिलं.

अक्काने चष्मा लावूनच ते वाचलं. त्यामुळे जास्त राग आला.

संध्याकाळी लेक कॉलेजातून आली. बघते तो बाबांच्या व्हिडिओखाली दोन बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतायत. तिने तिसरं खातं काढलं, 'न्यायदेवता'. "तुम्हा दोघींना घरी कामधंदे नाहीत का?" असं तिने विचारलं मात्र, दोघी आपसातलं भांडण सोडून तिच्यावर तुटून पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रतिक्रियांचा आकडा दोनशे चाळीसवर गेला. मास्तरांनी भीतभीत आकडाच तेवढा पाहिला आणि फोन पालथा घातला. "दोनशे चाळीस माणसं! अख्खं जग उठलंय माझ्यावर." ते टेप गुंडाळायला लागले. गळ्यातला टेप. तो ते फक्त झोपताना काढायचे.

बाहेरच्या खोलीत तिघी आपापल्या फोनवर बोटं आपटत होत्या. गॅसवरचं दूध उतू जाऊन वास सुटला तरी कुणी हलेना.

"काय निर्लज्ज बाई आहे ही गुलाब!" बायको न राहवून बोलली. "म्हणते, माझ्या सासूने मला वळणच लावलं नाही."

अक्काचा फोन हळूच खाली आला. "मग? तूच म्हणालीस ना, चष्मा लाव म्हणून?"

बायकोने फोनवरून मान वर केली.

"अक्का... तुम्ही?"

"तुझ्या सासूला नावं ठेवून बसले ग! म्हणजे माझ्याच आईला!"

"आणि मला दीडशहाणी कोण म्हणालं?" लेक ओरडली.

दारात टेप घेऊन उभ्या असलेल्या मास्तरांना सगळं उमगायला थोडा वेळ लागला. "म्हणजे दोनशे चाळीसमधल्या तुम्ही तिघी सोडल्या तर बाहेरचे किती?"

लेकीने मोजलं. "एक."

मास्तर हसायला लागले. पाच दिवसांनी पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आणि त्या एकाचं काय करायचं असतं?"

"हे बघा." लेकीने एकदा बोट दाबलं. स्पष्टवक्ता, त्याचं दार, त्याचं वाक्य, सगळं नाहीसं झालं.

"एवढंच? आणि मी पाच दिवस उपाशी?" मास्तर म्हणाले. "ताट वाढा. आणि जेवल्यावर तो फोन इकडे उभा कर. हात दिसू दे नीट."

नव्या व्हिडिओत मास्तरांनी दोन डाव्या बाह्या उचलून दाखवल्या. "ही माझी चूक. हात थरथरतो, हेही खरं. मनगट असं लाकडी पट्टीवर टेकवायचं, मग रेघ सरळ येते." कापड नशिबाने दोन्ही बाजूंनी सारखं होतं. त्यांनी एक बाही पालटली, ती उजवी झाली, आणि गिऱ्हाइकाचा शर्ट वेळेवर उभा राहिला.

रात्रीच्या जेवणाआधी लेकीने पहिली प्रतिक्रिया वाचून दाखवली. "मास्तर, त्या गुलाबबाई कुठे गेल्या? मी भांडण बघायला आलो होतो. पण आता बसलोच आहे, तर बाही जोडून पाहिली. जमली."

"बघ, मला विचारतायत," अक्का पदर सावरत म्हणाली. "मी आपलं एकच वाक्य लिहू?"

"नाही!" तिघे एका सुरात ओरडले.

मास्तरांनी टेप पुन्हा गळ्यात घातला आणि लेकीला म्हणाले, "त्याला लिही, उद्या कॉलर."