कागदी कोंबडीचं वजन

कुठल्याही नव्या गावात मला एक संध्याकाळ मोकळी सोडा, तिथली सगळ्यात रंगतदार जागा मी हुडकून काढतो की नाही बघा! नकाशा नको, कुणाचा सल्ला नको. नीटनेटके कपडे घातलेली माणसं ज्या दिशेने निघाली असतील त्या दिशेने चालायचं आणि भरपूर दिवे दिसले की आत शिरायचं. नोकरी बदलीची असल्यामुळे ही विद्या मी बऱ्याच गावांत पाजळलेली आहे.

या गावाने मात्र माझी पार फजिती केली. इथे अंधार पडायचा अवकाश, बाजारपेठेतली शटरं धडाधड खाली येतात. चौकात एक कारंजं आहे, तेही दुकानदारांबरोबर घरी जातं. मी दिवसभर कामात असतो म्हणून माझं भागून जायचं, पण बायकोचं काय? जुन्या शहरात ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. माझ्या बदलीपायी ती नोकरी सोडून इथे आली आणि खिडकीतून बंद कारंजं बघत बसली.

त्या आठवड्यात तिच्या जुन्या मालकांचा फोन आला. जागा अजून रिकामी आहे, यायचं असेल तर सोमवारपर्यंत कळवा. बायकोने हे मला कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं. ती थोरल्या बहिणीकडे राहणार आणि मी सुट्टीला तिकडे जायचं. "इथे रात्र होते, पण रात्री काही होत नाही," ती शांतपणे म्हणाली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिच्याशिवाय त्या घरात मी काय करणार होतो?

"तू हे गाव बघितलंच कुठे आहेस?" मी छाती फुगवून म्हणालो. "शनिवारी चल, दाखवतो."

मी सल्ला घेत नाही असं वर म्हणालो, पण चौकशी ही वेगळी गोष्ट. आमच्या कार्यालयातल्या कारकुनाला सहज विचारलं. तो म्हणाला की शनिवारी सगळं गाव सभागृहाकडेच असतं, शिवाय सभागृहाच्या मागच्या गल्लीत एक नवीन हॉटेल निघालंय. तो पुढेही काहीतरी सांगत होता. पण एवढी माहिती मला चिक्कार झाली, आणि मी जिना उतरूनही गेलो होतो.

शनिवारी संध्याकाळी आम्ही त्या गल्लीत शिरलो तेव्हा एक दार सताड उघडं होतं. आत पिवळा उजेड, पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, टेबलांवर फुलं, कुठूनतरी व्हायोलिनचे सूर. जुन्या पद्धतीचे कोट आणि झालरीचे झगे घातलेली मंडळी जेवायला बसली होती. मी बायकोकडे अशा काही नजरेने बघितलं, की जणू ते हॉटेल मीच बांधलंय.

दारात एक लठ्ठशा बाई उभ्या होत्या. गळ्यात शिंप्याची टेप, तोंडात टाचण्या. त्यांनी आम्हा दोघांना खालून वर बघितलं.

"किती उशीर! टेबल तीन तुमच्यासाठीच अडवून ठेवलंय. चला, चला."

आमच्यासाठी! बदलून आलेल्या अधिकाऱ्याची कीर्ती अशी आपोआप पसरते. बाईंनी माझ्या कपाळावरचा घाम टिपला, त्यावर पावडरचा पफ थोपटला आणि गळ्याला फुलपाखरासारखा टाय अडकवला. बायकोच्या डोक्यावर पिसाची टोपी बसवली.

"इथे पोशाखाचा नियम दिसतोय," मी बायकोच्या कानात म्हणालो. "मोठ्या ठिकाणी असतोच."

बायकोने एकदा पफकडे बघितलं, मग वर छताला टांगलेल्या दोरांकडे आणि दिव्यांकडे, मग एका बाजूच्या भिंतीएवढ्या मखमली पडद्याकडे. तिच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. मला वाटलं, भारावली!

बाईंनी आम्हाला टेबलाशी बसवलं आणि दबक्या आवाजात बजावलं की नुसते ओठ हलवायचे, आवाज करायचा नाही आणि समोर येईल ते खायचं नाही. खायचं नाही म्हणजे काय, हे विचारेपर्यंत त्या नाहीशा झाल्या. मी आजूबाजूला बघितलं. शेजारच्या टेबलावर चौघं जण हातवारे करून, माना डोलवून अगदी रंगात येऊन बोलत होते, पण ऐकू काहीच येईना! माझ्या कानात दडे बसले असावेत म्हणून मी तळहाताने कान थोपटला. मग बायकोही तसंच बोलायला लागली. ओठ भराभर हलतायत आणि आवाज नाही.

"अगं, मोठ्याने बोल ना!" मी म्हणालो. चारही बाजूंनी "शूऽऽ" आलं, ते मात्र स्वच्छ ऐकू आलं. म्हणजे कान ठीक होते. मग बिघाड कशात होता?

एवढ्यात ती मखमली भिंत दोन्हीकडे सरकली. पलीकडे मिट्ट काळोख. गार वाऱ्याची झुळूक आली, काळोखात कुणीतरी खोकलं. मी बायकोला समजावलं की हॉटेल आपल्याला वाटलं त्यापेक्षा मोठं आहे आणि पलीकडच्या अर्ध्या भागातली वीज गेलीय. ती टोपी सारखी करण्याच्या निमित्ताने तोंड झाकून बसली.

मग वेटर आला आणि त्याने आमच्यापुढे अख्खी भाजलेली कोंबडी ठेवली. तांबूस, तुकतुकीत, केवढी तरी मोठी. मी दुपारपासून उपाशी होतो. खायचं नाही वगैरे विसरून मी ताट पुढे ओढायला गेलो आणि तिथेच घोटाळा झाला.

आता माझी नोकरी सांगायला हवी. मी वजनमापे निरीक्षक आहे. दुकानादुकानांतून काटे, वजनं आणि पुड्या तपासत हिंडणं हे माझं काम. या कामाची हाताला अशी सवय लागते, की वस्तू उचलली की वजन आपोआप कळतं. ही कोंबडी चांगली दोन किलोची दिसत होती, म्हणून मी तेवढाच जोर लावला. ताट असं काही वर आलं, की डोक्यावरच्या दिव्याला लागता लागता राहिलं! मी ताट तिरपं केलं. कोंबडी हलेना. पार उलटं केलं. कोंबडी चिकटलेलीच.

काळोखात कुणीतरी फिसकन हसलं.

भुकेल्या माणसाने एक वेळ दुर्लक्ष केलं असतं, पण वजनात एवढी तूट? माझ्यातला निरीक्षक खडबडून जागा झाला. मी वेटरला हाक मारली. तो पांढराफटक पडला होता आणि ओठांच्या कडेतून "गप बसा हो, पाया पडतो" असं काहीतरी पुटपुटत होता. कायद्याच्या कामात असल्या विनवण्या रोजच्याच. मी उभा राहिलो, खिशातून ओळखपत्र काढलं आणि खड्या आवाजात म्हणालो, "मी वजनमापे निरीक्षक. स्वयंपाकघर कुठे आहे? काटा दाखवा."

काळोख फुटल्यासारखा हसला. एका माणसाचं हसणं नव्हे, शेकडो माणसांचं!

मधल्या टेबलावर एक दाढीवाले गृहस्थ आणि निळ्या झग्यातली एक बाई यांचं मघापासून कडाक्याचं भांडण चाललं होतं. ती त्याला सोडून जायला निघाली होती. दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. आता त्या गृहस्थाने छातीवर हात ठेवून मोठा श्वास घेतला, मान वळवली आणि त्याला मी दिसलो. घेतलेला श्वास त्याच्या आतच राहिला.

"साहेब," तो चिरकला, "तो काटा माझा नाही, भावाचा आहे!"

आवाज ओळखीचा निघाला. आमच्या कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार! गेल्याच आठवड्यात मी त्याला नोटीस दिली होती. पण हा इथे खोटी दाढी लावून परक्या बाईशी काय करत होता? मला भलतंच अवघडल्यासारखं झालं. मी सभ्यपणे म्हणालो की हा तुमचा खाजगी मामला आहे, मी काही बघितलं नाही असं समजा. त्यावर काळोखात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, याची साखरपण तोलून बघा!"

म्हणजे तिकडे माणसं होती. मी डोळ्यांवर हात धरून कडेपर्यंत गेलो. रांगाच्या रांगा! बेकरीवाला, फळवाला, पेट्रोल पंपावरचा मॅनेजर, ज्यांची ज्यांची मापं मी तपासली होती ते सगळे सहकुटुंब खुर्च्यांवर बसले होते. दुसऱ्या रांगेत आमचा कारकून दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता. मला त्या सगळ्यांची कणव आली. बिचारे कधीपासून टेबल रिकामं व्हायची वाट बघत असतील!

"तुमचं कुणाचंच अजून जेवण झालं नाही?" मी विचारलं.

लोक खुर्च्यांवरून घसरायचे तेवढे राहिले. एका बाजूच्या आडोशाला एक टकले गृहस्थ हातातली वही चावत मला खुणेने बोलावत होते. हेच मालक, असं धरून मी त्यांना उलट फर्मावलं की लपू नका, पुढे या. ते आणखी आत गेले.

इकडे त्या निळ्या बाईची पंचाईत झाली होती. तिच्या समोरच्याची दाढी एका बाजूने सुटली होती आणि त्याची नजर माझ्यावर खिळली होती. ती त्याला विचारत होती, "तूच सांग, मी जाऊ की राहू?" तो गप्प. तिने पुन्हा विचारलं, "सांग ना, जाऊ की राहू?" आता तिचा आवाज खरोखरच कापायला लागला. हसणं विरलं. 

मीसुद्धा ओळखपत्र हातात धरून थांबलो. हाच प्रश्न आठवडाभर आमच्या घरात प्रत्येक खोलीत उभा होता आणि तो मोठ्याने विचारायची माझी छाती झाली नव्हती.

तेवढ्यात बायको उठली. पिसाची टोपी सावरत ती सरळ मधल्या टेबलाशी गेली, किराणावाल्याच्या खांद्याला धरून त्याला उठवलं, स्वतः त्याच्या खुर्चीवर बसली आणि त्या बाईचे दोन्ही हात हातांत घेतले.

"राहा गं," ती म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. "मलाही वाटायचं, या गावात काही घडतच नाही. आता बघितलंस ना? माझ्या नवऱ्याने एका कोंबडीवरून अख्खं गाव हसवलं. हे सोडून कुठे जाणार?"

निळी बाई हसली, रडली, दोन्ही एकदम झालं. मखमली भिंत पुन्हा मिटली आणि पलीकडे असा काही टाळ्यांचा पाऊस पडला, की व्हायोलिन कुठल्या कुठे गेलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते नाटक होतं. तेही शोकांतिका! टकले गृहस्थ दिग्दर्शक, गावातले निवृत्त शिक्षक. गर्दीच्या प्रवेशात गिऱ्हाईक म्हणून बसणारं एक जोडपं ऐनवेळी आलं नव्हतं, आणि टेपवाल्या बाईंनी आम्हालाच ते समजून आत ढकललं होतं. आम्ही शिरलो ते सभागृहाचं मागचं दार, खरं हॉटेल त्याच्या शेजारी होतं.

"तुला कधी कळलं?" मी बायकोला विचारलं.

"पावडर लावली तेव्हाच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पण तू पोशाखाचा नियम काढलास. मग म्हटलं, बघू या तरी पुढे काय करतोस."

 मग मी विचारलंच, की ते 'राहा' म्हणालीस ते नाटकातलं, की...? तिने टोपी काढून हातात घेतली. थोडा वेळ पीस सरळ करत राहिली.

"सोमवारी फोन करून नाही म्हणून सांगते," ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला, की मी तिथल्या तिथे दिग्दर्शकांना मिठी मारली. ते अजून वही चावत होते. नंतर सगळी मंडळी त्या शेजारच्या हॉटेलात गेली. टेबलं जोडून, निम्मी दाढी लावलेल्या किराणावाल्याच्या मांडीला मांडी लावून आम्ही सूप प्यायलो. आवाज करून बोललो. निळी बाई गावातली दातांची डॉक्टर निघाली. ती बायकोच्या शेजारून हलेना.

पुढच्या शनिवारी पुन्हा तोच प्रयोग होता, पण निरीक्षकाशिवाय नाटक बघायला गाव तयार होईना. दिग्दर्शकांनी शेवटी हात टेकले. शोकांतिकेत निरीक्षकाचा प्रवेश घातला, बायकोला मोठी भूमिका दिली आणि निरीक्षकाच्या कामासाठी मला चाचणीला बोलावलं. मी नवा शर्ट घालून गेलो. नाट्यमंडळाच्या समितीपुढे उभा राहून म्हणालो, "मी वजनमापे निरीक्षक." त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. जरा जोरात म्हणायला लावलं. मग रागाने म्हणायला लावलं. मग आपसात बराच वेळ कुजबुजले.

"तुमचं बोलणं स्वच्छ आहे," दिग्दर्शक शेवटी म्हणाले, "पण निरीक्षक म्हणून तुम्ही पटत नाही."

काम गावातल्या न्हाव्याला मिळालं. त्याने ओळखपत्र काढल्याबरोबर मलासुद्धा घाम फुटला, हे कबूल करायला हवं. समितीत आता बायकोलाही घेतलं होतं. घरी येताना मी तिला विचारलं की निदान तू तरी माझ्या बाजूने हात वर केलास ना?

"अरे, आता मला इथेच राहायचंय," ती म्हणाली. "या लोकांशी उगाच वाईटपणा कशाला घेऊ?"