मराठीसाठी तीन दाबा

बटण दाबल्यावर मशीनमधून आधी 'खट्ट' असा आवाज यायचा आणि मग चार-पाच सेकंदांनी, पोटात पाणी शिरल्याचा 'सूं'. मंगळवारी सकाळी खट्ट झालं. सूं झालंच नाही.

मंजुषानं श्वास रोखून वीसपर्यंत आकडे मोजले. फ्रीजच्या घरघरीत ऐकू येत नसेल म्हणून तिनं फ्रीज बंद केला. (तो पुन्हा चालू करायचा असतो, हे तिच्या लक्षात यायला पुढं बराच वेळ लागला.) तरी सूं नाही. तीन मिनिटांनी मशीनच्या कपाळावर दोन लाल अक्षरं लुकलुकायला लागली. ई-एक.

"झालं का सुरू?" मागून चतुराबाईंनी विचारलं.

मंजुषा दचकली. सासूबाई पिशोरहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या आणि स्वयंपाकघरात खुर्ची टाकून, मांडीवर पिशवी घेऊन, मशीनकडं तोंड करून बसल्या होत्या.

"होतंय, आई. ते आधी जरा विचार करतं."

"भांडी घासायला कसला इचार?"

मंजुषा एम.ए. झाली होती. एम.ए.ला हा प्रश्न नव्हता.

प्रकरण साधं नव्हतं. मशीन जिथं उभं होतं, तिथं महिनाभरापूर्वी गव्हाची कोठी होती. पत्र्याची, तीन पोती गहू मावणारी, चतुराबाईंनी लग्नात स्वतः दिलेली. पण भांडी धुण्याच्या साबणानं मंजुषाची बोटं सोलून निघायला लागली, डॉक्टरांनी दोनदा मलम बदललं, आणि शेवटी इंद्रजीतनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, डिशवॉशर आणलं. पाण्याची जोडणी त्या एकाच कोपऱ्यात होती. कोठी बेडरूममध्ये गेली आणि इंद्रजीत रोज सकाळी उठताना तिला गुडघा आपटायला लागला. चतुराबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी फोनवर निकाल दिला होता: "सत्यमसाठी पोरी बघायला मंगळवारी येतेच हाय मी. माझ्या डोळ्यांसमोर भांडी धू म्हणावं त्याला. धुतली तर ऱ्हाऊ दे. नाय तर कोठी जागेवर."

सत्यम म्हणजे धाकटा दीर. त्याच्यासाठी वर्षभर मुली बघणं चालू होतं.

मंजुषानं पुस्तिका उघडली. ई-एक: पाण्याचा पुरवठा तपासा. तिनं सिंकचा नळ सोडला. बदाबदा पाणी आलं. येणारच. कालच नळाला पाणी येऊन गेलं होतं, गच्चीवरची टाकी काठोकाठ होती.

"पुस्तिका चुकलीय," ती म्हणाली.

"पाणी पोचतंय का त्याला?" चतुराबाईंनी विचारलं.

"आई, टाकी भरलीय."

"टाकीचं नाय इचारलं मी."

पण मंजुषा तोवर मोबाइलवरच्या व्हिडिओत शिरली होती. व्हिडिओतला माणूस हसत हसत म्हणत होता, की दहापैकी नऊ वेळा दोष फिल्टरमध्ये असतो. तिनं खालचा ट्रे ओढला, तळाशी हात घालून जाळी फिरवून काढली. जाळीत मोहरी, तमालपत्राचा तुकडा आणि मागच्या आठवड्यात हरवलेली इंद्रजीतच्या शर्टाची गुंडी सापडली.

"गुंडी कशी काय गेली तिथं?"

"डब्यात गेली असेल, आई."

"डब्यात." चतुराबाईंनी पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "म्हंजी माझा पोरगा गुंड्या खायलाय."

जाळी धुतली, बसवली, बटण दाबलं. खट्ट. ई-एक.

मग आतला पाणी फवारणारा पंखा काढून तिनं त्याची भोकं टूथपिकनं कोरली. खट्ट. ई-एक. मग दार नीट बसत नसेल म्हणून ते कमरेनं दाबून धरलं. त्या अवस्थेत तिनं वाळूजला कंपनीत असलेल्या इंद्रजीतला फोन लावला.

"मंजू, बंद करून चालू कर," तो म्हणाला.

"चार वेळा केलं."

"मग पाचव्यांदा कर. मी मीटिंगमध्ये आहे. आई काय म्हणतेय?"

"बघतायत."

"अरे बापरे," इंद्रजीत म्हणाला आणि फोन कट झाला.

दाराशी समोरच्या फ्लॅटमधली यास्मिन आली होती, वाटीभर साखर मागायला. तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवून मशीन पाहिलं.

"भाभी, मेरी वॉशिंग मशीन बी ऐसाइच करती थी. बाजूसे एक लात मारे, चालू."

"लाथ नको," मंजुषा घाईघाईनं म्हणाली. लाथेपेक्षा तिला लाथेनंतर काय होईल याची भीती वाटत होती. (आधीची भीतीही होतीच. मंजुषा अशी बाई होती, की रविवारी पडेगावला मावशीकडं एका रात्रीपुरतं राहायला जातानासुद्धा तिनं बंद गॅसचे, बंद गीझरचे, लावलेल्या कुलपाचे असे अकरा फोटो काढले होते, आणि रिक्षात बसून ते दोनदा तपासले होते.)

यास्मिन साखर घेऊन गेली. आता उरली हेल्पलाइन. मंजुषाला अनोळखी माणसांशी फोनवर बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा, म्हणून तिनं हे शेवटाला ठेवलं होतं. हात ओले असल्यामुळं तिनं फोन स्पीकरवर टाकला. हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, मराठीसाठी तीन. तिनं तीन दाबलं.

"नमस्कार," एक शांत, गोड, किंचित नाकातला आवाज म्हणाला. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

मंजुषाच्या हातातून फोन सुटला आणि थेट मळून ठेवलेल्या कणकेत उताणा पडला.

तो आवाज तिचाच होता.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिची मैत्रीण अमृता तिला उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या स्टुडिओत घेऊन गेली होती. मराठी स्वच्छ पाहिजे, एवढंच सांगितलं होतं. मंजुषाला त्या दिवशी सर्दी होती. एका दुपारी तिनं बासष्ट वाक्यं वाचली, शिवाय एक ते शंभर आकडे, सुटे सुटे. कुठल्या कंपनीसाठी, हे कुणी सांगितलं नाही आणि विचारायची तिची छाती झाली नाही. घरी आल्यावर स्वतःचा आवाज कसा आला असेल या विचारानं ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. सासरी तर हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं.

"आपण रांगेत... सतरा... व्या क्रमांकावर आहात," कणकेतून मंजुषा म्हणाली.

चतुराबाई पुढं सरकल्या. "कोण गं ही?"

"कंपनीची बाई आहे, आई."

"आवाज वळखीचा वाटतो."

"फोनवर सगळ्या सारख्याच वाटतात."

"किती थंड डोक्यानं बोलती बघ. नाय तर तू. मघापास्नं नुसती उडतीस." चतुराबाईंनी कान आणखी जवळ नेला. "शीक जरा हिच्याकडून."

मंजुषाचे कान तापले. "कृपया प्रतीक्षा करा" हे वाक्य आलं, तेव्हा 'प्रतीक्षा'वर नाक चोंदलेलं तिला स्पष्ट ऐकू आलं. पुढचं वाक्य येण्याआधी ती बेडरूममध्ये गेली, दार लोटलं आणि गव्हाच्या कोठीवर बसली. बसल्या बसल्या तिनं सगळं ठरवून टाकलं. संध्याकाळी इंद्रजीत आला की कोठी स्वयंपाकघरात. मशीन ज्याला हवं त्याला. आणि उद्यापासून पुन्हा साबण, मलम, आणि हातात ते प्लास्टिकचे मोजे, ज्यांतून कप निसटतात. तिनं बोटांकडं पाहिलं. महिन्याभरात कातडी भरून आली होती. आता कुठं वेणी घालताना चुरचुरत नव्हतं.

बाहेर कणीक बोलतच होती. शब्द कळू नयेत म्हणून तिनं कानांवर हात ठेवले.

किती वेळ गेला कोण जाणे. हात दुखले म्हणून तिनं ते खाली घेतले, आणि तिला ऐकू आलं.

खट्ट.

आणि मग, सूं.

ती धावत बाहेर आली. मशीनच्या पोटात पाणी शिरत होतं. लाल अक्षरं गेली होती. चतुराबाई पदरानं कोपर झटकत होत्या; कोपराला भिंतीचा चुना आणि कोळिष्टक लागलं होतं.

"आई, काय केलंत तुम्ही?"

"मी कशाला काय करू? ती बाई सांगती, मी ऐकलं." त्यांनी कणकेकडं बोट दाखवलं. "म्हणली, यंत्राच्या मागं भिंतीला बारका नळ असतो, तो उघडा हाय का बघा. दांडी आडवी असली तर बंद. आडवीच व्हती. इतकी वर्षं हितं आल्यावर झाडायला कोठीमागं हात घातलाय मी, मला ठावं हाय कुठं हाय ते. मग म्हणली, बटण पुन्हा दाबा. दाबलं." त्या खुर्चीवर टेकल्या. "तीनदा सांगितलं तिनं. तूच तेवढी उठून गेलीस."

"पण नळ बंद कुणी केला?" मंजुषा म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला रविवारचे अकरा फोटो आठवले. त्यातला सातवा. लाल दांडी, आडवी, अगदी जवळून.

तिनं मान खाली घातली. चतुराबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग मशीनकडं. आत कपबशा पाण्याखाली खुळखुळत होत्या.

"ऱ्हाऊ दे हे इथंच," त्या म्हणाल्या. "कोठी गच्चीच्या खोलीत टाकू, माझ्या पोराचे गुडघे तरी वाचतील. आन् तो फ्रीज गप का हाय गं? तोबी तूच बंद केलास का?"

मंजुषा फ्रीजच्या बटणाकडं वळली, तेवढ्यात कणकेतली बाई वाक्याच्या मधेच थांबली, आणि एका पुरुषाचा आवाज आला.

"नमस्कार, मी बुद्धभूषण बोलतोय. वाट पाहायला लागली त्याबद्दल माफ करा. काय अडचण आहे आपली?"

मंजुषा फोनकडं झेपावली, पण चतुराबाई कणकेवर आधीच वाकल्या होत्या.

"अडचण काय नाय, दादा. यंत्र चालू झालं. एवढंच सांगा, ती मघाची शांत बोलणारी पोरगी कुणाची हाय? लगीन झालंय का तिचं? आमच्या धाकट्यासाठी बघायलोय." त्यांनी आवाज जरा खाली आणला. "मोठ्याच्या येळंला आमची थोडी घाईच झाली."